चर बुजवण्याआधी

भोपाळच्या रायसेन रस्त्याने पिपलानी ओलांडली की थोड्याच वेळात आनंद नगर लागतं. या वस्तीचा आणि विजेचा शेजार जुना आहे. विजेची अवजड यंत्रं बनवणारा भेलचा कारखाना इथून जवळच. १९५६ मध्ये ‘हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड’ ही सरकारी कंपनी निघाली, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजने तंत्रज्ञान दिलं, ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला आणि १९७४ मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, मोटारी आणि जलविद्युत केंद्रांची टर्बाइनं इथे घडली. नोकरीच्या निमित्ताने देशभरातून माणसं आली, त्यांत मराठी कुटुंबंही होती. काहींनी पुढे कारखान्याच्या आसपासच प्लॉट घेतले, घरं बांधली आणि भोपाळचीच झाली.

अशा घरांच्या मागे बऱ्याचदा थोडी मोकळी जागा असते. पुढे कधीतरी तिथे एक खोली उभी राहते. कुणाला घरून काम करायला शांत जागा हवी असते, कुणाला मुलांची शिकवणी घ्यायची असते, कुणाला तबल्याचा रियाज करायचा असतो. भिंती, पत्रा, खिडक्या यांवर महिनाभर चर्चा होते. वीज कुठून आणायची हा प्रश्न मात्र सगळ्यांत शेवटी निघतो आणि वायरमन आला की उभ्याउभ्या मिटतो. हे प्रकरण त्या एका निर्णयाबद्दल आहे. खोलीचा रंग बदलता येतो, दरवाजा बदलता येतो. जमिनीत गाडलेली केबल बदलायची म्हणजे फरशी, बाग आणि पायवाट पुन्हा उखडणं आलं. म्हणून जे ठरवायचं ते चर बुजवण्याआधी, आणि शक्यतो पहिली कुदळ पडण्याआधी, कागदावर ठरायला हवं.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे घराच्या भिंतीवरून खोलीच्या पत्र्यापर्यंत हवेतून वायर ताणणं. संक्रांतीला त्यात पतंगाचा मांजा अडकतो, वादळात फांदी पडते, उन्हाने वायरचं वेष्टन कडक होऊन तडकतं. सगळ्यांत वाईट म्हणजे त्याच हुकाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते. वेष्टन घासून गेलं की ओला टॉवेल टाकणाऱ्या हाताला थेट झटका बसतो. असे मृत्यू दर पावसाळ्यात कुठे ना कुठे होतात आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे असतात. हवेतल्या तारांबद्दल आणखी एक गोष्ट खोलीची जागा ठरवतानाच पाहावी. प्लॉटच्या कडेने वितरण कंपनीची लाइन जात असेल, तर नियमांनुसार घरगुती दाबाच्या उघड्या तारेपासून इमारत आडवी किमान १.२ मीटर आणि उभी किमान २.५ मीटर दूर असावी लागते. ११ हजार व्होल्टच्या लाइनखाली उभं अंतर ३.७ मीटर लागतं. मागची भिंत कंपाउंडला चिकटवण्याच्या मोहात हे अंतर हमखास हुकतं.

वीज जमिनीखालून नेणं ही कल्पना विजेच्या व्यवसायाइतकीच जुनी आहे. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झालं, तेव्हा त्याच्या तारा रस्त्याखालूनच गेल्या होत्या. २० फुटी लोखंडी नळ्यांमध्ये तांब्याच्या सळ्या, त्यांना दोरखंडाचं वेष्टन आणि आत ओतलेलं डांबरासारखं मिश्रण, अशी ती रचना होती. दर २० फुटांवर जोड, आणि बिघाड बहुतेक जोडातच. मुंबई बेटावर बेस्टची वीज आजही जमिनीखालच्या केबलींमधूनच घरोघरी पोहोचते. तंत्र बदललं, पण तेव्हाचा धडा तसाच लागू आहे. घरापासून परसातल्या खोलीपर्यंत केबल एकसंध न्या. मध्ये जोड नको. दुकानात तुकडा दोन मीटर कमी पडत असेल तर तो घेऊ नका.

आता जमीन. भोपाळ एका भूवैज्ञानिक सीमेवर वसलेलं आहे. शहरातल्या टेकड्या विंध्य पर्वतमालेतल्या वालुकाश्माच्या, आणि त्यांच्या भोवती दख्खनच्या लाव्हाचा बेसॉल्ट खडक व त्याची झीज होऊन झालेली काळी माती. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाला ही माती नव्याने सांगायला नको. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. तिचे सूक्ष्म थर पाणी आत ओढून घेतात आणि फुगतात, उन्हाळ्यात ते पाणी सोडून आक्रसतात. भोपाळला वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे हीच जमीन ऑगस्टमध्ये फुगलेली आणि मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडलेली असते. प्लॉट एकाच गल्लीतले असले तरी एकात फुटावर मुरूम लागतो आणि दुसऱ्यात पुरुषभर खोल काळी माती. तेव्हा आराखडा काढण्याआधी एक छोटा खड्डा खणून आपल्या जमिनीत काय आहे ते बघून घ्यावं.

काळ्या मातीचा केबलला त्रास तीन प्रकारे होतो. पहिला ताणाचा. वरची माती हलते तशी केबल ओढली जाते आणि तो ओढा दोन्ही टोकांच्या जोडणीवर येतो. म्हणून चरात केबल ताठ न टाकता सैलसर, थोडी नागमोडी टाकायची आणि दोन्ही टोकांना हातभर जास्तीची गुंडाळी ठेवायची. दुसरा त्रास उष्णतेचा. केबलमधून वीज वाहते तेव्हा ती गरम होते आणि ती उष्णता मातीने शोषून घ्यायची असते. केबलभोवती भेग पडली की तिथे हवा शिरते, आणि हवा उष्णता फारच हळू वाहून नेते. म्हणून केबलखाली ७५ मिलिमीटर आणि वरही तेवढीच चाळलेली वाळू घालतात. वाळू फुगत नाही, आक्रसत नाही, आणि त्यात टोकदार दगडही नसतो.

तिसरा त्रास खोलीचाच असतो आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काळ्या मातीवर जड इमारतीपेक्षा हलकी इमारत जास्त हलते, कारण मातीचा फुगण्याचा जोर दाबून ठेवायला वर पुरेसं वजनच नसतं. पत्र्याची किंवा प्रीफॅब पॅनेलची खोली म्हणजे नेमकी हलकी इमारत. पावसाळ्यात तिचा जोता एखाद्या कोपऱ्यात बोटभर उचलला गेला तर नवल नाही. अशा जोत्यात केबल सिमेंटने घट्ट बसवली, तर जोता उचलताना तिलाही उचलतो. म्हणून जोत्यातून केबल नेताना तिच्या जाडीच्या निदान दुप्पट व्यासाचा पाइप आधीच बसवून ठेवावा, त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा म्हणजे पाणी आत येणार नाही, आणि आतली मोकळी जागा सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने बंद करावी. पाइपचं तोंड उघडं ठेवलं तर पाली, मुंग्या आणि घुशी पावसाळ्यात कोरडी जागा शोधत थेट बोर्डापर्यंत पोहोचतात.

केबल टाकण्यासाठी भारतीय मानक संस्थेची संहिता आहे, ‘आयएस १२५५’. तिच्यानुसार घरगुती दाबाची केबल जमिनीच्या पृष्ठभागापासून किमान ७५ सेंटिमीटर खोल हवी, रस्ता ओलांडत असेल तर १ मीटर. घरची गाडी मागे जात असेल तर तो रस्ताच समजावा. खाली वाळूचा थर आणि केबलची जाडी धरली तर चर सुमारे ९० सेंटिमीटर खोल खणावा लागतो. ३० मीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद असा चर म्हणजे १२ घनमीटरहून जास्त माती. या आकड्यामुळेच मजूर आणि मालक दोघांनाही फूटभर चरावर काम भागवण्याची इच्छा होते. फूटभर खोलीवर मात्र गुलाबाचं आळं खणणारी कुदळ सहज पोहोचते. ७५ सेंटिमीटरवर ती पोहोचत नाही, आणि खोली ठरवण्यामागचं मुख्य कारण तेच आहे. वरच्या वाळूवर आडव्या विटांची ओळ आणि तिच्यावर वीतभर मातीनंतर पिवळी किंवा लाल इशारापट्टी टाकतात. पुढच्या पिढीतल्या कुणी खणायला घेतलं तर आधी पट्टी, मग वीट आणि शेवटी केबल लागेल, असा हा क्रम.

कधी खणावं यालाही उत्तर आहे. मे महिन्यात काळी माती दगडासारखी असते. पावसाळ्यात ती कुदळीला चिकटते, चरात पाणी साचतं, आणि ओली ढेकळं परत भरली तर ती नीट दबत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात अख्ख्या चराच्या मार्गावर पायवाट खचते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. भरतानाही एकदम सगळी माती लोटून न देता वीतभराचा थर, त्यावर धुम्मस, मग पुढचा थर, असं करावं.

चराचा मार्ग कागदावर आखताना सरळ रेषा मोहक वाटते, पण ती नेहमी योग्य नसते. आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या खोडाजवळून गेलात तर मुळं तोडावी लागतात, झाडही जातं आणि वाढत्या मुळांचा दाब केबलवरही येतो. सेप्टिक टँक आणि त्याचा शोषखड्डा टाळावा. नगर निगमची पाण्याची लाइन, आणि पाइपचा गॅस आला असेल तर त्याची लाइन, यांच्यापासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवावं. कंपाउंडच्या भिंतीला समांतर आणि ठरावीक अंतरावरून गेलेला मार्ग थोडा लांब पडतो, पण वीस वर्षांनीही तो कुठे आहे हे सांगता येतं. माझ्या मते पाच-सात मीटर जास्त केबलचा खर्च त्यासाठी जरूर करावा.

आता केबल किती जाड? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर सवयीने दिलं जातं, पण पाच मिनिटांचं गणित केलं तर कुणावर विसंबावं लागत नाही. समजा, घराच्या बोर्डापासून खोलीच्या बोर्डापर्यंत केबलची लांबी ३० मीटर आहे. खोलीत दीड टनाचा एसी, पंखा, दिवे, दोन संगणक आणि चहाची इलेक्ट्रिक किटली आहे. सगळं एकाच वेळी चालू धरलं तर साधारण ३.७ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टवर १६ अँपिअर. वीज जाते आणि परत येते, म्हणून तांब्याची लांबी धरायची ६० मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम, ४ चौरस मिलिमीटरच्या तारेचा ४.६१ आणि ६ चौरस मिलिमीटरच्या तारेचा ३.०८ ओहम असतो. हे आकडे २० अंशांचे. तार ७० अंशांपर्यंत तापली तर त्यांत पाचवा हिस्सा मिळवायचा. गुणाकार केला की पहिल्या तारेत ८.५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, दुसरीत ५.३ आणि तिसरीत ३.५.

२.५ ची तार हा भार जळल्याशिवाय वाहून नेईल, यात शंका नाही. तरीही मी ती सुचवणार नाही. वितरण कंपनीने २३० व्होल्टच्या आसपास ६ टक्के कमी-जास्त दाब देणं नियमात बसतं, म्हणजे उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराच्या मीटरवरच २१६ व्होल्ट असू शकतात. त्यातले साडेआठ वाटेत गेले तर एसीचा कॉम्प्रेसर कण्हायला लागतो. शिवाय २.५ च्या तारेत पूर्ण भारावर सुमारे १३६ वॅट नुसती माती तापवण्यात जातात, ६ च्या तारेत ५७. आणि पुढचा विचार वेगळाच. आज खोलीत संगणक आहेत, उद्या तिथेच आजी-आजोबा राहायला आले तर गीझर येईल, दारात विजेवरची स्कूटर चार्जिंगला लागेल. भार दुप्पट झाला तरी ६ च्या तारेत फक्त ७ व्होल्ट पडतात. चर खणायची मजुरी तारेच्या जाडीने वाढत नाही. म्हणून ३० मीटरसाठी ६ चौरस मिलिमीटर तांबं, किंवा तेवढ्याच रोधाचं १० चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियम, हा माझा कौल. अॅल्युमिनियम स्वस्त पडतं, पण त्याच्या टोकांना योग्य लग आणि नीट क्रिम्पिंग लागतं. ते करणारा हात मिळत नसेल तर तांबंच घ्यावं.

केबल आर्मर्ड हवी, म्हणजे आतल्या तारांच्या भोवती गॅल्वनाइज्ड पोलादाचं चिलखत असलेली. घुशीचे दात आणि कुदळीचा पहिला घाव यांना तेच अडवतं. पीव्हीसीचं इन्सुलेशन ७० अंशांपर्यंत आणि एक्सएलपीईचं ९० अंशांपर्यंत टिकतं. भावात फार फरक नसेल तर एक्सएलपीई घ्यावी. केबल वळवताना कोपऱ्यात काटकोनात मोडायची नाही. अनेक गाभ्यांच्या आर्मर्ड केबलसाठी वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या किमान १२ पट हवी. २० मिलिमीटर जाडीची केबल असेल तर वळण २४ सेंटिमीटर त्रिज्येचं, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षाही मोठ्या गोलाईचं.

आर्मर्ड केबलचं टोक बांधणं हे काम जवळ उभं राहून बघण्यासारखं आहे, कारण पुढचा बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो. वायरमन आधी बाहेरचं काळं वेष्टन गोल कापून उतरवतो. खाली चिलखताच्या चकचकीत तारा दिसतात. त्या करवतीने अर्ध्या कापून, हलवून तोडायच्या असतात. आरपार कापल्या तर खालच्या वेष्टनाला घाव बसतो. मग तारा फुलाच्या पाकळ्यांसारख्या बाहेर वळवून ब्रासच्या ग्लँडच्या शंकूवर पसरवतात, वरून कडी बसवून नट आवळतात. आता केबलचा सगळा ओढा चिलखत घेतं आणि आतल्या गाभ्यांवर ताण येत नाही. घाईतला माणूस हेच काम टाळतो. चिलखत कापून टाकतो, बोर्डाच्या भोकातून केबल तशीच आत ढकलतो आणि भोवती सिमेंट लिंपतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून ग्लँड बसताना घरातलं कुणीतरी तिथे असावं आणि प्रत्येक तार शंकूखाली आली आहे ना, हे डोळ्यांनी बघावं.

इथून पुढचा भाग या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो माणसाच्या जिवाशी निगडित आहे.

आपल्याकडे अर्थिंग म्हटलं की घराच्या कोपऱ्यात पाइप पुरला, कोळसा-मीठ घातलं, वायर जोडली, काम झालं असा समज आहे. परसातल्या खोलीसाठी वेगळा पाइप पुरला म्हणजे ती सुरक्षित झाली असंही मानलं जातं. हिशोब करून बघू. खोलीतल्या एसीच्या धातूच्या सांगाड्याला आतून फेजची तार टेकली. सांगाडा खोलीच्या पाइपला जोडलेला आहे. पाइपचा जमिनीशी रोध १० ओहम, आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा जमिनीशी रोध २ ओहम धरू. वीज सांगाड्यातून पाइपमध्ये, तिथून मातीत आणि मातीतून ट्रान्सफॉर्मरकडे जाईल. २३० भागिले १२ म्हणजे सुमारे १९ अँपिअर. खोलीसाठी घराच्या बोर्डात २० अँपिअरची एमसीबी, म्हणजे भार मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारी स्विच, आहे. १९ अँपिअर हा तिच्या दृष्टीने नेहमीचा भार. ती पडणार नाही. ‘सी’ जातीची २० ची एमसीबी क्षणात पडायला १०० ते २०० अँपिअर लागतात. आणि तोपर्यंत एसीच्या सांगाड्यावर १९ गुणिले १०, म्हणजे १९० व्होल्ट उभे असतात. दिवे लागलेले, पंखा फिरतोय, सगळं ठीक दिसतंय, आणि सांगाड्याला हात लावणारा माणूस मरू शकतो.

मे महिन्यात हे आणखी बिघडतं. ओली काळी माती विजेला चांगला मार्ग देते, पण सुकून आक्रसली की ती पाइपपासून सुटते आणि रोध कितीतरी वाढतो. पावसाळ्यात मोजलेला अर्थिंगचा आकडा म्हणूनच फसवा असतो. अर्थ टेस्टर लावायचा तर एप्रिल-मेमध्ये लावा.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र करायचे. पहिला, केबल दोन गाभ्यांची न घेता तीन गाभ्यांची घ्यायची. तिसरा गाभा अर्थचा. तो खोलीतल्या अर्थपासून घराच्या मुख्य अर्थपर्यंत अखंड जाईल. चिलखतही दोन्ही टोकांना अर्थला जोडायचं, पण भरवसा त्याच्यावर ठेवायचा नाही, कारण ग्लँडपाशी गंज चढला की तो मार्ग तुटतो. खोलीजवळ वेगळा पाइप पुरायला हरकत नाही, तो या अर्थला जोडून टाकावा. दुसरा उपाय आरसीसीबी, आणि त्याला पर्याय नाही. ही स्विच फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज सतत ताडून बघते. ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला तरी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडते. वरच्या उदाहरणात १९ अँपिअर गळत होते. आरसीसीबीच्या दृष्टीने ती सहाशे पट गळती आहे. पाइपचा रोध मेमध्ये वाढून ५०० ओहम झाला तरी जवळपास अर्धा अँपिअर गळेल, आणि आरसीसीबी तेव्हाही पडेलच. आपल्याकडे अनेक घरांचा अर्थ फक्त स्वतःच्या पाइपवर अवलंबून असतो. अशा घरात जीव वाचवण्याचं काम एमसीबी करू शकत नाही, आरसीसीबीच करते.

ती कुठे बसवायची? खोलीच्या छोट्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची. घराच्या बाजूला, खोलीकडे जाणाऱ्या लाइनवर, १०० मिलिअँपिअरची आणि थोडी उशिराने पडणारी. यामुळे खोलीत किटली ओली झाली तर फक्त खोली अंधारात जाते आणि घरातला फ्रिज चालू राहतो. केबलमध्येच बिघाड झाला तर घराकडची स्विच ती तोडते. खोलीची लाइन घराच्या जुन्या आरसीसीबीनंतर न काढता तिच्या आधीच्या टप्प्यावरून काढावी. आणखी एक गोष्ट वायरमनला स्पष्ट सांगावी: खोलीचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या कुठल्याही सर्किटच्या न्यूट्रलला, विशेषतः इन्व्हर्टरच्या लाइनला, जोडायचा नाही. तो जोडला की आरसीसीबी विनाकारण पडत राहते आणि मग कुणीतरी वैतागून ती काढूनच टाकतं. काढलेली आरसीसीबी परत लागल्याचं उदाहरण विरळाच.

वीज झाली, आता इंटरनेट. चर उघडा आहे तोवर त्यात एक रिकामा पाइप टाकून ठेवावा, आत नायलॉनची दोरी ओवून. पॉवर केबलपासून तो ३० सेंटिमीटर दूर हवा. या पाइपमधून तांब्याची नेटवर्क केबल नेता येते, १०० मीटरपर्यंत ती चालतेही. पण मध्य प्रदेशात मी फायबरच सुचवेन. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंच्या राष्ट्रीय नोंदींत हे राज्य वर्षानुवर्षं सर्वांत वर किंवा अगदी वरच्या क्रमांकांवर राहिलं आहे. जवळ कुठे वीज पडली की दोन इमारतींच्या जमिनीच्या विद्युत पातळीत क्षणभर मोठा फरक पडतो आणि त्यांना जोडणारी तांब्याची प्रत्येक बारीक तार त्या प्रवाहाची वाट बनते. राउटर जळतो, संगणकाचं पोर्ट जळतं. काचेच्या तंतूतून वीज वाहतच नाही. फक्त फायबर घेताना आधारासाठी पोलादी तार नसलेली, फायबरग्लासच्या सळीची घ्यावी, नाहीतर मागच्या दाराने लोखंड आत येतं. पॉवरच्या लाइनवर घरात आणि खोलीत, दोन्हीकडे सर्ज अरेस्टर बसवावा. आणखी एक रिकामा पाइप पुढच्या काळासाठी ठेवला तर उत्तम. खोलीच्या छतावर सोलर पॅनेल बसले तर त्याच्या तारा याच मार्गाने घराकडे येतील.

चर बुजवण्याआधी दोन कामं राहिली. पहिलं मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण. ५०० व्होल्टचा मेगर लावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि प्रत्येक गाभा ते चिलखत असे आकडे घ्यायचे. नव्या केबलचा आकडा शेकडो मेगओहममध्ये यायला हवा. एक-दोन मेगओहम आला तर नियमात बसतो म्हणून खूश व्हायचं नाही. नव्या केबलमध्ये एवढा कमी आकडा म्हणजे कुठेतरी वेष्टन कापलं गेलंय. माती भरून झाल्यावर पुन्हा तेच आकडे घ्यायचे आणि दोन्ही वेळचे लिहून ठेवायचे. दुसरं काम फोटोंचं. उघड्या चरात मोजपट्टी धरून, कंपाउंडच्या भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे फोटो काढावे, आणि मार्गाचा नकाशा हाताने काढून बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. फोन बदलतात, फोटो हरवतात, घर विकलं जातं. बोर्डाचं झाकण तिथेच राहतं.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात. हे काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं, आणि काम झाल्यावर त्याचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्यावा. भोपाळची वीज मध्य प्रदेश मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडून येते. खोलीमुळे भार वाढत असेल तर कंपनीकडे मंजूर भार वाढवून घ्यावा. खोलीत शिकवणी, कार्यालय किंवा दुकान चालणार असेल तर घरगुती दराने ती वीज वापरता येते की वेगळ्या वर्गात जावं लागतं, हे आधीच लेखी विचारावं. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार, ज्या कामासाठी वीज मंजूर झाली त्याऐवजी ती दुसऱ्या कामासाठी वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

आणि खोली वापरात आली की महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. स्विच पडली तर वर करा. पडली नाही तर खोलीची वीज घरातून बंद करा, आणि आरसीसीबी बदलून झाल्याशिवाय ती चालू करू नका.